घरटी एक दगड

जिओकॅशिंगच्या खेळात लपवलेला डबा शोधून निरंजनला मिळणार होतं काय? आतल्या कागदावर सही आणि ग्रुपवर दहा-बारा अंगठे. तरी मोबाइल सांगेल तसा तो धरणग्रस्तांच्या गावात, समाजमंदिराच्या भिंतीपाशी पोचला. तिथला एक दगड हलत होता. यामागेच असणार! उचकटताना दगड निसटला आणि खाली पडून दुभंगला. मागे नुसती माती.

"डबा पायरीखाली हाय, दादा," मागून म्हाताऱ्या हौसाबाई म्हणाल्या.

"मग हा?"

"आमच्या उंबऱ्याचा. गाव पाण्याखाली गेलं, तवा घरटी एक दगड आणून ही भिंत बांधली."

निरंजनची मान वर होईना. हौसाबाईंनीच डबा काढून दिला. "करा सही. लांबनं आलाय तुमी."

लिहिताना त्याला स्वतःचंच नाव वाचवेना. हौसाबाईंनी दोन्ही तुकडे पदरात घेतले. सही त्याची झाली. उंबरा त्यांचा गेला.