यशोदेची पत्रं

टेप सुरू झाला तेव्हा सत्यवान गुरुजी यशोदेच्या पडवीत नुकतेच टेकले होते. हातात नेहमीचं निळं, विमानाचं पत्र होतं. खिशात शाईपेन होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तिच्या नवऱ्याला, महादूला, मस्कतला पत्र लिहून द्यायला येत. सहा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

"यशोदा, मी बरो आसंय. तू बरी मां?" पेटीतून महादूचा आवाज आला. "हंयसर बांगडो गावता, पण तुझ्या हातचो तिखलो खंय गावतलो? म्हशीक रेडकू झालां काय गो?"

यशोदेने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते गुरुजींना कळेना. सुट्टीवर आलेल्या कुणाबरोबर महादूने तो टेपरेकॉर्डर धाडला होता.

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. "हं, सांग. काय लिहू?"

"आता कागद नको, गुरुजी," ती म्हणाली. "माका लिवूक येणा नाय. बोलूक येता."

गुरुजी घरी आले आणि जेवले नाहीत.

त्यांना महादूचा हेवा वाटत असे, आणि तो आजचा नव्हता. महादू सुतार, सातवी नापास. पण मस्कतहून त्याची पत्रं यायची ती यशोदेला वाचून दाखवताना गुरुजी एखादी ओळ पुन्हा वाचत. 'इथेही समुद्र आहे, पण रात्री तो आपल्या समुद्रासारखा हाक मारत नाही,' असं त्याने एकदा लिहिलं होतं. गुरुजींची एक कविता मुंबईच्या मासिकाने साभार परत केली होती, आणि इथे एक सुतार असलं वाक्य सहज लिहून जात होता. परमुलखात एकटं पडल्यावर माणसाला भाषा फुटते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

मग ते जिद्दीने उत्तर लिहीत. यशोदा सांगायची, "माडार पाच नारळ धरले म्हणून लिवा." गुरुजी लिहायचे, 'तुम्ही गेलात तेव्हा माड माझ्या खांद्याला लागत होता. आता त्याच्याकडे पाहायला मान वर करावी लागते. तुम्हाला पाहायला कुठे बघू?' वाचून दाखवलं की ती कागदावरच्या अक्षरांकडे वाकून बघायची. मग म्हणायची, "मी इतक्या खंय सांगलंय?"

महिनाभर ते एकेक वाक्य जुळवत असत. शाळेत मुलांना पाढे सांगताना, भरतीच्या वेळी खाडीवर उभे असताना. गावात कुणाला ते ठाऊक नव्हतं. यशोदेलाही नाही. गुरुजींना वाटे, हे फक्त महादूला कळत असणार.

आता त्या घरावरून जाताना यशोदेचं बोलणं ऐकू यायचं. पेटीसमोर पाट मांडून ती बसायची आणि बोलत सुटायची. शेजारणीचं भांडण, कौलांची गळती, म्हशीचं दूध. मध्येच हसायची. सहा वर्षांत ती गुरुजींसमोर अशी हसली नव्हती. महादूच्या कॅसेटीही तशाच यायच्या, भात आणि ऊन आणि पाठदुखी. गुरुजी चिडायचे. या यंत्राने एका चांगल्या माणसाची भाषा नासवली, असं त्यांना वाटायचं. आणि महादूला त्याचं काहीच वाटत नव्हतं, याचा राग त्याहून मोठा होता.

एकदा त्यांना राहवलं नाही. ते पडवीत गेले आणि म्हणाले, "खाऱ्या हवेने कॅसेट पुसली जाते, यशोदा. पत्र राहतं." हे खोटं आहे हे त्यांना बोलतानाच कळत होतं.

"पुसली तर परत बोलतलंय," यशोदा म्हणाली, आणि तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

चार महिन्यांनी शाळा सुटायच्या वेळी पोस्टमन आला. मस्कतचं तिकीट होतं आणि अक्षर तेच होतं. तोच लफ्फेदार 'म', तीच लांब वेलांटी. कंटाळला शेवटी महादू त्या पेटीला. ते पत्र घेऊन भरभर यशोदेच्या घराकडे निघाले. वळणावर त्यांची नजर पत्त्यावर गेली. पत्र यशोदेला नव्हतं. त्यांना होतं.

त्यांनी तिथेच, दगडी गडग्याला टेकून पत्र फोडलं.

'सत्यवान गुरुजींस सप्रेम नमस्कार. मी विश्राम नाईक, आरोंद्याचा. महादूच्या कंपनीत गोदाम सांभाळतो. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून त्याची पत्रं मी लिहीत असे. तो सांगायचा, मी बरो आसंय म्हणून लिही. पुढचं मी माझ्या मनाचं लिहायचो, कारण उत्तरं तशी यायची. त्याला ती मीच वाचून दाखवत असे. तो ऐकता ऐकता झोपी जायचा. मला झोप यायची नाही. असं लिहिणारं माणूस त्याच्या घरी आहे आणि माझ्या घरी कुणीच नाही, या विचाराने सहा वर्षं मी त्याचा हेवा केला. परवा यशोदाबाई कॅसेटमध्ये म्हणाल्या, माझी पत्रं गुरुजी लिहायचे. महादू मला पोट धरून हसला; तिला लिहिता येत नाही हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं. मी बाहेर जाऊन बसलो. आता त्या दोघांना आपली गरज नाही, ते बरंच झालं. पण मला तुमची पत्रं हवी आहेत.'

गुरुजी माघारी वळले. ओस पडलेल्या वर्गात जाऊन बसले. नवा कागद घेऊन त्यांनी मायना लिहिला. मग सवयीने मान वर केली. पण आता काय लिहू, हे विचारायला समोर कोणी नव्हतं.