तांबडीची धूळ

हिरवी गाडी चिंचेपाशी थांबली. नरहर वकिलांनी मागं वळून पाहिलं. तांबडी धुळीतून सावकाश बाहेर आली आणि चार हात मागं, आदबीनं उभी राहिली. भुजंग ड्रायव्हर खाली उतरला. भुवयांपासून मिशांपर्यंत त्याचा रंग रस्त्यासारखा झाला होता.

"हिरवी जितली, वकीलसाब."

"जितली नाही. तू मागं राहिलास."

दोन्ही गाड्या विलायती. टप नसलेल्या, दोन माणसांच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हैदराबादेहून हौसेनं आणलेल्या. तिकडे विलायतेत त्या तासाला ऐंशी मैल पळत म्हणे. तिकडे बैल कमी असावेत. जालना-अंबड रस्त्यावर काटा चाळिसाच्या वर गेला की गाडीचा एखादा भाग रस्त्यावरच राहायचा. गेल्या आठ वर्षांत राज्य दोनदा बदललं. खड्डे जागच्या जागी होते.

हिरवी वकिलांची, तांबडी जिनिंगवाल्या बद्रीनाथांची. दर रविवारी दोघं मित्र ह्या रस्त्यावर गाड्या पळवत. निकाल रविवारी लागे आणि सोमवारी रद्द होई. कधी हरणाऱ्याला आडवी बैलगाडी आलेली असे, कधी त्याच्या प्लगमध्ये कचरा गेलेला असे. पोळ्याच्या सुमारास बद्रीनाथ वारले आणि खटला तसाच पडून राहिला. उद्या तांबडी न्यायला औरंगाबादहून गिऱ्हाईक येणार होतं. त्याआधी, कोणती गाडी खरी पळते, हे वकिलांना एकदाचं कळायला हवं होतं.

"गाड्या बदलू," ते म्हणाले. "आणि ह्या वेळी पुढं काढ. माझ्याकडे बघायचं नाही."

"जी."

परतीला वकील तांबडीत बसले. जुन्या नाक्यापर्यंत तांबडी पुढं होती. हिरवी मागून आली आणि पुन्हा चार हातांवर थांबली.

"आता तांबडी जितली," भुजंग म्हणाला. "दोन्ही बी चांगल्या हायेत, साब."

"तुला पुढं जा म्हटलं होतं ना?"

"म्हणले तुम्ही."

"मग?"

"मंग काय. तुमाला मागं टाकून मी कसा जाऊ? बराबर दिसत न्हाई ते. सारी धूळ तुमच्या तोंडावर. लोकं काय म्हणतील?"

"कुठंयत लोकं?"

भुजंगनं रस्त्यावर नजर टाकली. एक म्हैस होती. ती ह्या प्रकरणात पडायला तयार दिसत नव्हती.

"आत्ता न्हाईत," तो म्हणाला. "पण असतात."

"अरे, बद्री दर रविवारी धूळ चारायचा मला!"

"ते शेट होते, साब. तुमाला अरे-तुरे करायचे. मी भुजंग हाये."

वकिलांना अरे म्हणणारं जालन्यात आता कोणी उरलं नव्हतं. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. बद्रीनाथांचा बंगला इथून मैलभर; आता तिथं त्यांच्या पत्नी दुर्गाबाई राहत. सरळ रस्ता. शर्यतीचा शेवटचा टप्पा तोच असायचा.

"भुजंगा, तांबडीत बस," ते एकदम म्हणाले. "बंगल्यावर जा. दुर्गाबाई मारुतीला निघायच्या आत त्यांना गाठ आणि सांग, नरहर चहाला येतोय. जल्दी जा. त्या निघून गेल्या तर तुझी गय नाही."

भुजंगचा चेहरा मोकळा झाला. "असं सांगा ना साब. निरोपाचं काम असल तर पुढंच जावं लागतं."

तांबडी निघाली. लगोलग वकिलांनीही हिरवी सोडली. पहिल्या वळणापर्यंत तांबडीचा मागचा दिवा दिसत होता, मग नुसती धूळ. वकिलांनी पाय दाबला. मग आणखी दाबला. पाय तळाला टेकला. धूळ डोळ्यांत गेली, दातांखाली करकरली. एकही बैलगाडी आडवी आली नाही. प्लग त्यांनी सकाळीच साफ केले होते. सांगायला काही म्हणून उरलं नाही.

बंगल्याच्या फाटकात ते पोचले तेव्हा तांबडी आत उभी होती आणि तिचं इंजिनही बंद झालं होतं. भुजंग धावत आला आणि वकिलांचं तोंड बघून जागीच थबकला.

"माफ करा साब. मला वाटलं, तुम्ही हळूहळू येऊन राह्यलेत."

"नाही रे. मी जोरातच आलो."

दुर्गाबाई ओट्यावर उभ्या होत्या. रस्त्यावर गाड्यांचा आवाज ऐकून त्यांनी सवयीनं पाण्याचा तांब्या आणि पंचा बाहेर आणला होता. दर रविवारी आणत, हरून येईल त्याच्यासाठी. कोण हरलं हे त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं.

त्यांनी तांबडीकडे पाहिलं, मग वकिलांच्या तोंडाकडे.

"आज हे पुढं आले वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो, वहिनी. चांगलाच पुढं आला."

त्यांनी पंचा पुढं केला. "तोंड पुसा, भावजी. ओळखू येईना तुम्ही."

"राहू द्या थोडा वेळ," वकील म्हणाले आणि ओट्यावर बसले. एका कडेला, शेजारी माणूसभर जागा ठेवून.