सात मजले, एक दार

"आग लागली आणि सातही मजल्यांवरची सुटकेची दारं आत उघडणारी निघाली. रेटारेटीत एकही उघडलं नाही," नकाशांच्या कचेरीत चौकशीला आलेले अधिकारी म्हणाले. "सुताराचा वेंधळेपणा!" कचेरीच्या साहेबांनी हात झटकले. "नकाशाप्रमाणेच बसवली हो," सुतार म्हणाला. "दाखव नकाशा!" साहेब गरजले. "माझ्याकडची प्रत जळाली. पाचव्या मजल्यावर माझी बायकोही." कचेरीत नकाशे काढणारी पोर संगणकापाशी बसून ऐकत होती. तिसऱ्या मजल्यावर दार बाहेर उघडलं की जिना अडत होता म्हणून तिनेच संगणकावर तिथलं दार आत फिरवलं होतं. पण एकदाच काढलेलं तेच दार सातही मजल्यांवर जोडलेलं होतं. एक फिरलं की सगळी फिरतात, हे ती साफ विसरली. "आमच्या पोरीची रेघसुद्धा चुकत नाही," साहेब हसले. तिच्या कानाशी पुटपुटले, "बोललीस तर तुरुंगात सडशील, बाळा." तिने संगणक अधिकाऱ्यांकडे वळवून तिसऱ्या मजल्यावरचं एकच दार बाहेर फिरवलं. पडद्यावर सातही दारं एकदम बाहेर उघडली.