सातवा रकाना

"यादी भरली. वीस म्हणजे वीस," माणिकराव म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

टेबलासमोर मनिषा उभी होती. वालूरच्या शेतवस्तीवरून पहिल्या गाडीनं ती तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात आली होती. सोबत सात वर्षांची लेक निकिता, आणि निकितासाठी भांडायला राजेश्री मॅडम. या दिव्यांग मुलांच्या विशेष शिक्षिका. सत्तावीस शाळांना एकट्या पुरायच्या, तेही स्कूटीवर. निकिताच्या शाळेत त्यांची फेरी गेल्या महिन्यात झाली आणि शेवटच्या बाकावरची ही गप्प पोरगी बहिरी आहे, हे त्यांना दहा मिनिटांत कळलं.

परवा परभणीला कान तपासायचं शिबिर भरणार होतं आणि तालुक्यातून वीसच मुलं जायची होती. तिथं तपासणी झाली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की कानाचं यंत्र आणि कर्णबधिरांच्या शाळेत जागा. पुढचं शिबिर पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी एक वर्ष शेवटचा बाक.

"साहेब, एक नाव वाढवा."

"कुठून वाढवू? आणि कशाच्या जोरावर?" माणिकरावांनी सर्वेक्षणाचा अर्ज पुढे सरकवला. "हा पाहा सातवा रकाना. मूल ऐकते का? उत्तर, हो, चांगले. खाली आईची सही. मागच्या वर्षी कुणाच्या तरी शब्दावर दोन धडधाकट पोरं पाठवली आणि नोटीस मला आली."

माणूस वाईट नव्हता. नोटिशीनं पोळलेला होता, एवढंच. त्यांनी उठून जाडजूड आवक रजिस्टर उचललं, टेबलाच्या कडेला खिडकीकडे बघत उभ्या असलेल्या निकिताच्या पाठीमागून हात लांबवला आणि टेबलावर धाडकन आपटलं. निकिता दचकली. गर्रकन वळून तिनं रजिस्टरकडे पाहिलं.

"ऐकलं की!" माणिकराव म्हणाले. मनिषाचा चेहरा उतरला.

निकिताचे दोन्ही तळवे टेबलावर टेकले होते, ते राजेश्री मॅडमनी उचलून तिच्या पोटाशी ठेवले. "टेबल हादरलेलं हाताला कळतं, साहेब. आता आपटा."

माणिकरावांनी आपटलं. आणखी दोनदा आपटलं. बाहेरचा शिपाई पळत आला, व्हरांड्यातल्या दोन गुरुजींनी माना आत घातल्या. निकिता खिडकीबाहेरची शेळी बघत राहिली.

माणिकराव खुर्चीत बसले. रजिस्टर खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. मग मात्र आवाज चढला. "अहो बाई, मग सर्वेक्षणाला गुरुजी घरी आले तेव्हा लेकरू ऐकतं म्हणून का सांगितलं?"

"ऐकतीच की!" मनिषाही फणकारली. लेकीच्या अंगावर आलेलं ती सहन करणारी नव्हती. "लय गुणाची हाय माजी निकिता. नुसतं डोळ्यानं खुणावलं की उठती. अंगन झाडती, भावाला संबाळती. एक शबूद खाली पडू देत न्हाई."

"अहो, पण कानानं?"

"कानानं कुठून? कानानं बहिरीच हाय ती."

"मग तेच सांगायचं ना!"

"त्ये कुठं इचारलं त्यांनी? दारात गाडीवरूनच म्हनले, लेकरू ऐकतंय का? मी म्हनलं, ऐकतंय. आता चांगल्या लेकराला वाईट म्हनू का?"

राजेश्री मॅडमना हसू आलं होतं, पण साहेबांचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. माणिकराव वीस नावांच्या यादीकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी पहिल्या नावासमोरचा फोन नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे सिताराम नावाचा कुणी शेतकरी होता. मागे पाण्याची मोटार चालू होती.

"तुमची मुलगी ऐकत नाही, असं लिहून दिलंय तुम्ही."

"काय केलं तिनं?" सिताराम घाबरला. "साहेब, मी सांगूनच ठिवलं होतं गुरुजीला. अजिबात ऐकत न्हाई. दिसभर उन्हात हिंडायलीय. तुमीच दोन रट्टे द्या."

"कान कसे आहेत तिचे?"

"कान? हिकडं कुरकुऱ्याची पुडी फोडा, तिकडच्या बांधावरून येती पळत!"

माणिकरावांनी फोन ठेवला आणि दुसरा लावला. मग तिसरा. दुसऱ्या नंबरची पोरगी खरंच बहिरी होती. तिचं नाव राहिलं. तिसरं लेकरू अभ्यासाचं ऐकत नव्हतं, चौथं आजीचं. दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांशी बोलून झालं. विसांतली अकरा नावं खोडली गेली. मोकळ्या झालेल्या पहिल्याच ओळीत माणिकरावांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात निकिताचं नाव लिहिलं.

"परवा सकाळी आठला गाडी निघेल. उशीर करू नका," ते म्हणाले.

मनिषानं मान हलवली आणि ती तिथंच बाकावर मटकन बसली. पदराचं टोक तोंडाशी धरून ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही कळेना. निकितानं आईच्या गालावरून हात फिरवला. राजेश्री मॅडमनी पर्स खांद्याला लावली आणि स्कूटीची किल्ली काढली.

"थांबा मॅडम, कुठं निघालात? दहा जागा अजून रिकाम्या हायत," माणिकराव म्हणाले. कार्यालयातली भाषा त्यांच्या तोंडून केव्हाच गळून पडली होती. "कपाटातून त्यो 'ऐकते'वाल्या अर्जांचा गठ्ठा काढा. गुणाची लेकरं समदी तिथंच दडून बसली हायत."