न जुळणारे आटे

काकांनी पिशवीतून आणखी एक रेग्युलेटर काढून टेबलावर ठेवला, तेव्हा अक्काने हातातला पान्हा बाजूला सारला आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

"हाही बसणार नाही," ती म्हणाली.

"लावून तर बघा."

तिने लावून बघितला. बसला नाही.

समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या सिलिंडरची दुरुस्ती करता करता अक्काचे केस पिकले होते. दुकानाच्या पुढच्या भागात तिचा नवरा पाण्यातले चष्मे आणि पायात घालायचे पंखे विकायचा. मागच्या खोलीत ती व्हॉल्व्ह उघडायची, घासायची, पुन्हा बसवायची. तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं तिला नवीन नव्हती, पण या काकांनी तिच्या डोक्याचा पार भुगा केला होता.

त्यांचा सिलिंडर जुना होता, पण धट्टाकट्टा होता. खोड होती ती त्याच्या व्हॉल्व्हमध्ये. सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासाजोगी करून देणारा रेग्युलेटर त्या व्हॉल्व्हवर बसायला हवा. हल्लीचे रेग्युलेटर एक तर आट्यांवर फिरवून बसवतात, नाही तर वरून क्लॅम्पने आवळतात. काकांच्या व्हॉल्व्हचे आटे तिसऱ्याच मापाचे होते. तसे व्हॉल्व्ह करणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता, आणि सिलिंडरबरोबरचा मूळचा रेग्युलेटर हरवला होता.

यावरचा उपाय अक्काने पहिल्याच भेटीत सांगितला होता. जुना व्हॉल्व्ह काढायचा, नवा घालायचा, मग बाजारातला कुठलाही रेग्युलेटर चालेल. काका शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, व्हॉल्व्ह नको, रेग्युलेटर बदला. टोपी डोक्याला बसत नाही म्हणून कोणी डोकं बदलतं का, असंही एकदा म्हणाले. त्यावर नवरा पुढच्या खोलीतून खो खो हसला आणि अक्काचं डोकं आणखीच फिरलं.

आत काही आहे का, हे बघायला तिने एकदा व्हॉल्व्हच्या मुठीला हात घातला, तर काकांनी तिचं मनगट धरलं. लगेच सोडलं, माफीही मागितली.

"निम्मा भरलेला आहे," ते म्हणाले.

मापक लावल्याशिवाय तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं. माहीत आहे, एवढंच उत्तर मिळालं. भिंतीशी बोलावं तसं होतं सगळं.

तिला खरी धास्ती वेगळीच होती. मागे एका तरण्याबांड पोराने न जुळणारा रेग्युलेटर दामटून बसवला होता. दाबाने तो उडाला आणि त्याचा जबडा फुटला. हे काका तर सत्तरीच्या पुढचे. पाण्यात कोणाबरोबर उतरणार, असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा ते नुसते हसले. घरच्यांना सांगितलंय का, यावर म्हणाले, विचारणारं आता घरात कोणी उरलं नाही. नवरा-बायको दोघांच्या मनात एकच शंका होती आणि ती बोलून दाखवायचा धीर कोणालाच झाला नाही.

"किती वेळ वापरणार आहात?" तिने आज विचारलं.

"दोन-चार श्वास. मग काही नको."

अक्काने सूर बदलला. ओळखीपाळखीत विचारून मापाचा रेग्युलेटर मिळतो का बघते, तोवर सिलिंडर इथेच राहू द्या, असं म्हणाली. काका घुटमळले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि सिलिंडर उन्हात ठेवू नका, म्हणाले. पुन्हा गेले, पुन्हा आले, आणि बजावलं, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

अक्काने मान डोलावली. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर तिने बाह्या सरसावल्या.

तिने मूठ हळूच फिरवली. हवा फुसफुसत बाहेर पडू लागली आणि पडतच राहिली. म्हातारा खोटं बोलत नव्हता, बरीच होती. तिला जरा उबट वास आला. तिने खिडकी उघडली. आवाज थांबल्यावर पान्हा लावून तो हट्टी व्हॉल्व्ह उपटून काढला. सिलिंडरमध्ये उजेड पाडून आतून पाहिला, पाण्याच्या दाबाखाली तपासला. गंज नव्हता. मग नवा व्हॉल्व्ह, नवी रबरी रिंग. स्वतःचा एक चांगला रेग्युलेटर घासूनपुसून त्यावर चढवला आणि काठोकाठ ताजी हवा भरून ठेवली. नवऱ्याशी तिचं ठरलं होतं: काका आले की चहा पाजायचा, दोघांनी मिळून त्यांच्याशी बोलायचं, आणि पाण्यात जायचंच म्हणाले तर आपणही बरोबर उतरायचं. एकटं सोडायचं नाही.

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर रेग्युलेटरसकट उभा असलेला सिलिंडर पाहून त्यांचा चेहरा उजळला. अक्काने तो असा कधी पाहिला नव्हता.

"बसला?"

"बसला," ती म्हणाली. इतक्या दिवसांचा वैताग गेल्यासारखं तिला वाटलं. "या, बसा. घेऊन बघा."

काकांनी रेग्युलेटरच्या नळीचं तोंडात धरायचं टोक दोन्ही हातांत धरलं, तोंडाजवळ नेलं आणि थांबले. त्यांची नजर व्हॉल्व्हवर गेली. नव्या पितळेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आतली हवा?"

"ती काढावीच लागते काका, त्याशिवाय व्हॉल्व्ह निघत नाही. शिळी होती. आता बघा, ताजी भरलीय, पूर्ण."

त्यांनी ते टोक हळूच टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढून बसले. नवरा चहा घेऊन दारात आला होता, तो तिथेच थबकला.

"आमची ही गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात बुडी मारून आली होती," काका म्हणाले. "निम्मी हवा तिने श्वासात घेतली. उरलेली मला घे म्हणाली होती."