शेजारची हरळी

"दूर्वा कुठायत?" बायकोनं विचारलं. गणपती उद्यावर आला होता.

मी लॉनकडे पाहिलं. न्यू जर्सीच्या थंडीत टिकणारं हे मऊ गवत मी सात वर्षं खपून जोपासलं होतं. सप्टेंबरात नवं बी पेरायचं म्हणून गेल्याच महिन्यात औषध मारून त्यातली हरळी मुळासकट संपवली. तिच्याच कोवळ्या शेंड्यांना आपण दूर्वा म्हणतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आता हरळी होती ती फक्त शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या अंगणात. तिथूनच ती आमच्याकडे पसरायची. म्हणून मी कॉलनीच्या कमिटीकडे तक्रार केली होती, निनावी.

त्यांची बेल वाजवली. "पूजेसाठी या गवताचे एकवीस शेंडे हवेत," मी म्हणालो.

बाई काठी टेकत बाहेर आल्या आणि माझ्याबरोबर खाली बसून स्वतःच खुडू लागल्या.

"देवाला चालतं हे?"

"हेच लागतं."

"मग हवं तेवढं न्या. सोमवारपर्यंत सगळं उपटून टाका, असं कमिटीचं पत्र आलंय. कुणीतरी तक्रार केलीय."

मी मान खाली घालून दूर्वा मोजत राहिलो.

"त्या बिचाऱ्याला तरी कुठे माहीत असणार," त्या म्हणाल्या, "हे देवाचं आहे ते."