मॉनिटर जोडल्यापासून

पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा होता, चौदा. सकाळी लॅपटॉपवर खेळताना तोच ब्याण्णव होता.

"चौदा म्हणजे सेकंदाला चौदा चित्रं," केयूर फोनच्या स्पीकरवरून म्हणाला. "हा गेम नाही. हा लग्नाचा अल्बम आहे."

इंद्रजितचा मित्र केयूर बारामतीला इंजिनिअरिंगला होता. मोठा मॉनिटर घे, असं त्यानंच सांगितलं होतं, त्यामुळे त्याला फोन ठेवूनही देता येत नव्हता.

कळस गावातल्या घरात, पुढच्या खोलीत, इंद्रजित त्या सत्तावीस इंची मॉनिटरसमोर स्वेटर घालून बसला होता. मॉनिटरवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. आप्पासाहेबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ते काढू दिलं नव्हतं. प्लॅस्टिकवर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं, आणि गेममधला शत्रू नेमका त्या बोटामागून यायचा. चार वाजता पुण्याच्या एका टीमचा निवडीचा सामना होता. निवड झाली नाही तर उद्या सकाळी नऊपासून इंदापूरला मामांच्या पाइपच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. ठरवताना इंद्रजित खोलीत नव्हता.

साडेतीन वाजले होते.

"केबल बदललीस?"

"दोनदा."

"रिफ्रेश रेट?"

"केला कमी. ड्रायव्हर नवा टाकला. बंद करून चालू केला. उदबत्ती लावायची तेवढी राह्यलीय."

"मग गरम होत असेल. लॅपटॉप कुठंय?"

"मागं कॉटवर. टेबलावर जागा कुठंय? झाकण लावून ठेवलाय. तूच म्हनलास, मोठ्यावर खेळायचं तर लहान मिटून टाक."

"पंखा लाव."

इंद्रजितनं पडद्यावरची नजर न हलवता हात लांबवून बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. तेवढ्यात त्याची थोरली काकी, ठमाबाई, आत आली. ऐन थंडीत पंखा बघून तिनं कपाळाला हात लावला, मागं जाऊन काहीतरी केलं, आणि निघून गेली.

आकडा अकरावर आला.

"पंखा लावल्यावर कमी झालं," इंद्रजित म्हणाला.

केयूरच्या तीन वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये हे कुठंच आलं नव्हतं. "ऊठ," तो शेवटी म्हणाला. "जा आणि त्याला हात लाव."

कॉटवर गोधड्यांचा ढीग होता. तो कायमच असायचा, म्हणून तो कुणाला दिसायचा नाही. इंद्रजितनं ढिगात हात खुपसला.

"ओला हाय," तो म्हणाला.

"काय?"

"लॅपटॉप ओला हाय. आन् कोमट."

त्यानं वरची गोधडी उचलली. खाली दुसरी होती. तिच्याखाली तिसरी, आणि तिच्यात नीट गुंडाळलेलं, ताटली सरकलेलं, दोन लिटरचं पातेलं. पातेल्याखाली लॅपटॉप होता.

"बोट घातलंस व्हय त्यात?" काकी दारात उभी होती. "दुपारपसनं लावलंय. आता कुठं धरत आलं हुतं."

"काकी, ह्यो चालू हाय."

"झाकण तर बंद हाय."

"झाकण बंद आसलं तरी चालू आसतो."

"मग झाकण कशाला दिलंय?"



"उचल ते," इंद्रजित म्हणाला. "चारला मॅच हाय माझी."

"हात लावशील तर बघ. आत्ता हाललं की पानी सुटलं. सात वाजता लोणी भापकरचं पाव्हणं येत्यात माझ्या पोरीला, संस्कृतीला बघायला. मागच्या पाव्हण्यांच्या बारीला दही लागलं न्हाय, पिशवीतलं वाढलं. त्यांचा फोन आला का पुन्यांदा?"

फोन आला नव्हता, हे खरं होतं. चारला दोन मिनिटं कमी होती. इंद्रजितनं पातेल्याला हात घातला. काकीनं त्या हातावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. आपल्या लेकीचं लग्न जमवायचं असलेल्या बाईशी किती जोर करायचा, याचा अंदाज त्याला आला. तो जाऊन खुर्चीत बसला.

सामना अकराच्या आकड्यावर सुरू झाला. शत्रू तीन फोटोंत आला. पहिल्यात तो झाडामागं होता. दुसऱ्यात समोर होता. तिसऱ्यात इंद्रजित आडवा पडला होता.

"झालं?" आप्पासाहेब आत येत म्हणाले. त्यांना गेम कळत नव्हता, पण आडवा पडलेला माणूस कळत होता. "उद्या आठची गाडी धर. डबा घेऊन जा."

काकीनं गोधडी बाजूला केली, पातेलं उचललं आणि सगळ्यांसमोर हळूहळू आडवं केलं. आतलं काहीच हललं नाही. तिनं ते अजून थोडं कलतं केलं. तरी नाही.

"भावजी," ती म्हणाली, "ह्येला उद्या न्हाय धाडायचा."

"का?"

"थंडी हाय."

आप्पासाहेब पातेल्यापाशी गेले. बोटानं दही दाबून पाहिलं. मग एकदा लॅपटॉपकडं पाहिलं, एकदा मुलाकडं. दोन वर्षांत त्या खोलीतून पहिल्यांदाच काहीतरी तयार होऊन बाहेर पडत होतं.

"होळीपत्तूर," ते म्हणाले आणि निघून गेले.

"हॅलो," केयूर फोनवर विचारत होता. "आता किती दाखवतंय?"

इंद्रजितनं पडद्याकडं पाहिलं. कुंकवाच्या बोटाशेजारी तो अजून आडवाच पडला होता. त्याच्याभोवतीचं गवत आता वाऱ्यावर अतिशय सुंदर हलत होतं.

"ब्याण्णव."

"बंद नगो करू," काकी दारातून म्हणाली. "संध्याकाळचं दूध यायचंय आजून."